कुटुंबासाठी जुनी डिझेल इस्टेट: लेस्टर–कॉव्हेंट्रीच्या फेऱ्या, दोन मुले आणि साताऱ्याहून येणारी आई

अजिंक्यतारा (लेस्टर)

नमस्कार. आमच्याकडे सध्या एक लहान पेट्रोल हॅचबॅक आहे आणि आता ती आम्हाला पुरत नाही. मुलगी सात वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा असल्यामुळे दोघांच्याही सीट मागच्या बाकावर असतात, आणि डिकीत बाबागाडी घातली की आठवड्याचा बाजार ठेवायलाही जागा उरत नाही. त्यात माझी आई दरवर्षी उन्हाळ्यात काही महिने साताऱ्याहून आमच्याकडे राहायला येते. तिला हीथ्रोहून आणताना दोन मोठ्या बॅगा असतातच, आणि त्या काळात आम्ही पाच जण एकत्र फिरतो. गेल्या वर्षी वेल्सला जाताना सामान छतावर बांधावे लागले, तेव्हाच मोठी गाडी घेण्याचे आम्ही ठरवले.

गाडीचा वापर असा आहे. माझे ऑफिस कॉव्हेंट्रीला असून आठवड्यातून तीन दिवस एम ६९ ने जावे लागते. जाण्याचे अंतर सुमारे २५ मैल आहे आणि येण्याचेही तेवढेच. उरलेल्या दिवशी पत्नी गाडी वापरते, पण ते अंतर फारच कमी असते: शाळा, बालवाडी, दुकान, सगळे दोन मैलांच्या आत. बहीण लंडनमध्ये हॅरोला राहते, तिच्याकडे आणि अधूनमधून बर्मिंगहॅमला आमचे जाणे असते. वर्षाकाठी अंदाजे १०,००० ते ११,००० मैल होतील. बजेट १०,००० पौंडांच्या आत ठेवायचे आहे आणि त्यातूनच पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठीही काही बाजूला काढायचे आहे.

मला एसयूव्ही नको. त्याच पैशात इस्टेटमध्ये (मागे लांब डिकी असलेल्या गाडीत) सामानाची जागा जास्त मिळते आणि गाडी रस्त्यावर अधिक स्थिर वाटते, असे माझे मत आहे. डिझेलचा विचार मोटारवेवरच्या फेऱ्यांमुळे आला. पण ऑफिसमधले सहकारी म्हणतात की आता डिझेल घेणे म्हणजे दुखणे विकत घेणे, आणि गॅरेजवाले म्हणतात की तुमच्यासारख्यांनी डिझेलच घ्यावी. स्कोडा ऑक्टेव्हिया, फोक्सवॅगन पसाट आणि होंडा सिव्हिक टूरर या तीन गाड्यांवर माझी नजर आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मोटारमित्र

आपण वापराचे तपशील दिले हे फार बरे केले, कारण डिझेल घ्यावी की नाही याचे उत्तर गाडीच्या नावात नसते, ती रोज कशी चालवली जाणार आहे त्यात असते. मी या व्यवसायात बरीच वर्षे आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडा खोलात जाऊन सांगतो.

आपल्या बजेटमधल्या प्रत्येक डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक जाळी असते. तिला सगळे जण डीपीएफ म्हणतात. इंजिनातून निघणारी काजळी या जाळीत साठत जाते आणि ठरावीक प्रमाणात साठली की ती जाळून टाकावी लागते. मोटारवेवर गाडी एका वेगाने बराच वेळ चालली, की धूर पुरेसा तापतो आणि काजळीचा बराचसा भाग आपोआप जळतो. तसे झाले नाही, तर काहीशे मैलांनी इंजिनचा संगणक स्वतःहून जास्तीचे डिझेल सोडतो आणि जाळीचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेऊन ती साफ करतो. या कामाला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ गाडी सलग चालती राहावी लागते.

खरी अडचण इथे आहे. शाळेच्या दारापर्यंत पाच मिनिटे गाडी चालवली, बंद केली, पुन्हा सुरू करून घरी आलो, असे रोज होत राहिले तर सफाई सुरू होते आणि अर्धवट राहते. प्रत्येक अर्धवट सफाईत न जळलेले थोडे डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. त्यामुळे डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते, आणि असे पातळ झालेले ऑइल टर्बो आणि बेअरिंग यांची झीज वाढवते. जुनी डिझेल बघायला गेलात तर डिपस्टिक जरूर ओढा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ती गाडी शहरातल्या शहरात फिरलेली आहे असे समजून परत फिरा, मग मैल कितीही कमी असोत. कमी मैलांची डिझेल म्हणजे चांगली डिझेल, हा समज मला अनेकांच्या मनातून काढायचा आहे. वर्षाला ३,००० मैल चाललेल्या डिझेलपेक्षा वर्षाला १५,००० मैल मोटारवेवर चाललेली डिझेल मी केव्हाही पसंत करीन.

काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती जाळीत कायमची साठत जाते आणि शेवटी जाळी काढून धुवावी लागते किंवा बदलावी लागते. म्हणूनच या इंजिनांना कमी राख करणारे ठरावीक दर्जाचेच ऑइल लागते. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांना ५०७ ००, तर इतर अनेकांना सी ३ वर्गातले किंवा कंपनीने सांगितलेले. सर्व्हिसच्या पावतीवर ऑइलचा दर्जा लिहिलेला असेल तर ती गाडी जाणत्याच्या हातात होती असे मी मानतो.

आपल्या बाबतीत आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी २५ मैल मोटारवे, म्हणजे जाळीला स्वच्छ राहायला पुरेशी संधी आहे. त्यामुळे आपल्याला डिझेल चालेल असे माझे स्पष्ट मत आहे. अट एकच की उरलेल्या दिवशी दोन मैलांच्या फेऱ्यांसाठी ही गाडी शक्य तितकी बाहेर काढू नये. सध्याची हॅचबॅक विकण्याची घाई करू नका, किंवा शाळा चालत जाण्याजोगी असेल तर तसे करा. आणि सफाई सुरू असताना ती ओळखायला शिका: उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा थोडे वर राहतात, गरम धातूसारखा वास येतो, आणि गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा मोठ्याने फिरत राहतो. असे जाणवले तर घराजवळ येऊनही थांबू नका, एक चक्कर आणखी मारा.

जाळी काढून टाकून सॉफ्टवेअर बदललेल्या गाड्याही बाजारात असतात. २०१४ च्या फेब्रुवारीपासून, मूळची असलेली जाळी गायब असेल तर एमओटी (गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी) नापास होते, आणि २०१८ च्या मेपासून जाळी असलेल्या गाडीच्या नळीतून डोळ्यांना दिसणारा कोणताही धूर आला तरी नापास होते. टेस्ट ड्राइव्हला कोणाला तरी मागे उभे करा आणि गिअर न्यूट्रलमध्ये असताना जोरात रेस करून बघा.

हॅरोकर

मोटारमित्रांनी इंजिनाचे सांगितले, मी कागदांचे सांगतो. आपण हॅरोला बहिणीकडे येणार आहात, म्हणजे लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन झोनमध्ये, जिथे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना शुल्क पडते, येणार आहात. २९ ऑगस्ट २०२३ पासून हा झोन लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांमध्ये) लागू झाला आहे, आणि हीथ्रोसुद्धा त्यात येते. नाताळचा दिवस सोडला तर वर्षभर, चोवीस तास तो चालू असतो. डिझेल गाडी युरो ६ दर्जाची (धुरातल्या प्रदूषणाच्या युरोपीय मर्यादेत बसणारी) नसेल तर दिवसाला १२.५० पौंड भरावे लागतात, आणि इथला दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात. शनिवारी दुपारी येऊन रविवारी परत गेलात तर २५ पौंड झाले. आईंना आणायला हीथ्रोला आलात तरी तेच. बर्मिंगहॅममध्ये मिडलवे रिंगरोडच्या आत गेल्यास युरो ६ नसलेल्या डिझेलला दिवसाला ८ पौंड आहेत, आणि ब्रिस्टलच्या मध्यभागी ९ पौंड.

त्यामुळे युरो ६ ही अट सगळ्यात आधी लावा. सप्टेंबर २०१५ पासून नव्याने नोंदवल्या जाणाऱ्या गाड्यांना हा दर्जा बंधनकारक झाला, तरी कंपन्यांना उरलेला जुना साठा विकायला थोडी मुभा मिळाली होती, आणि उलट काही गाड्या त्याआधीच युरो ६ होत्या. म्हणून वर्षावर विसंबू नका. प्रत्येक गाडीचा नंबर ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर टाकून पाहा, एका मिनिटाचे काम आहे. या अटीचा आणखी एक फायदा असा की, सप्टेंबर २०१५ मध्ये उत्सर्जन चाचणीतल्या फसवणुकीमुळे गाजलेली फोक्सवॅगन समूहाची ईए १८९ इंजिने युरोपात युरो ५ दर्जाची होती, त्यामुळे ती आपोआप वगळली जातात.

रस्ता कराची गंमत अनेकांना खरेदी झाल्यावर कळते. १ एप्रिल २०१७ च्या आधी नोंदवलेल्या गाडीचा कर तिच्या कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावर ठरतो. त्यातल्या ११० ग्रॅमपर्यंतच्या डिझेलना २०२५-२६ मध्ये वर्षाला २० पौंड आणि १११ ते १२० ग्रॅमच्या गाड्यांना ३५ पौंड पडत होते. १ एप्रिल २०१७ पासून पुढे नोंदवलेल्या गाडीला मात्र त्याच वर्षी सरसकट १९५ पौंड होते. ‘१७’ ची (वर्ष दाखवणारी) नंबरप्लेट मार्च २०१७ पासून सुरू झाली, म्हणजे सारखीच प्लेट असलेल्या, सारख्याच दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या करात वर्षाला पावणेदोनशे पौंडांचा फरक असू शकतो. लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) पहिल्या नोंदणीची तारीख असते, ती पाहूनच किंमत बोला.

शरयू (नॉटिंगहॅम)

दादा, मी दोन मुलांची आई आहे आणि आमच्याकडेही सासूबाई येऊन राहतात, म्हणून इंजिन बाजूला ठेवून गाडीच्या आतले सांगते. आपण पाच जण बसणार म्हणता, पण पाचवे कोण आणि कुठे बसणार याचा विचार गाडी बघायला जाण्याच्या आधीच करायला हवा.

इथल्या नियमाप्रमाणे मूल बारा वर्षांचे होईपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोपर्यंत, त्याला योग्य सीट लागते. म्हणजे आपली मुलगी अजून काही वर्षे सीटवरच बसणार. आपण लिहिलेल्या तिन्ही गाड्यांमध्ये आयसोफिक्सच्या (बालसीट थेट गाडीला अडकवण्याच्या) कड्या मागच्या बाकाच्या दोन्ही कडेच्या जागांना असतात, मधल्या जागेला नाही. त्यामुळे मोठ्या माणसाला दोन सीटच्या मध्ये बसावे लागते. आईंना गुडघ्यांचा त्रास असेल तर त्या पुढे बसतील आणि वहिनी मध्ये बसतील, असेच बहुतेक होणार. ती मधली जागा म्हणजे मधला बोगदा दोन पायांच्या मध्ये, दोन्ही खांद्यांना प्लॅस्टिकच्या कडा, आणि सगळ्यात त्रासाचे म्हणजे पट्ट्याचा चाप सीटच्या खाली दडलेला. आम्ही एका दुकानात गाडी बघायला गेलो तेव्हा विक्रेत्याने स्वतः मागे बसून पट्टा लावायचा प्रयत्न केला, आणि बोटे आत शिरत नाहीत हे पाहून त्यानेच ती सीट बाहेर काढली.

यावर उपाय असा. मुलाची सीट आयसोफिक्सवर राहू द्या, कारण ती जागची हलत नाही. मुलीसाठी मात्र पाठ असलेली पण अरुंद, आयसोफिक्स नसलेली बूस्टर सीट घ्या. ती गाडीच्या पट्ट्यानेच धरली जाते आणि दाराच्या बाजूला थोडी सरकवता येते, फक्त पट्टा तिच्या खांद्यावरून आणि मांडीवरून नीट जातो की नाही ते पाहा. आपल्या दोन्ही सीट आणि बाबागाडी घेऊनच गाडी बघायला जा. विक्रेत्याला आधी फोनवर सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही. सीट लावा, वहिनींना मध्ये बसवा, त्यांना दहा मिनिटे तसेच बसू द्या आणि मगच इंजिन सुरू करा.

डिकीचे आकडे सांगायचे तर, मागचा बाक न पाडता ऑक्टेव्हिया इस्टेटमध्ये ६१० लिटर, पसाटमध्ये ६५० लिटर आणि सिव्हिक टूररमध्ये ६२४ लिटर जागा आहे. आपल्या यादीत स्कोडा सुपर्ब इस्टेट नाही. तिच्यात ६६० लिटर आहे आणि मागे पायांना जागा इतकी आहे की मुलांचे बूट पुढच्या सीटच्या पाठीला लागत नाहीत. जुन्या बाजारात सुपर्ब अनेकदा पसाटच्याच किमतीत मिळते, म्हणून ती जरूर पाहा. सिव्हिकच्या आकड्यात मात्र तळाच्या झाकणाखालची खोल जागाही धरलेली आहे, त्यामुळे मोठ्या बॅगांसाठी ती ऑक्टेव्हियापेक्षा मोठी वाटत नाही. सिव्हिकचा खरा गुण वेगळा आहे: इतर गाड्यांत असते तशी तिची इंधनाची टाकी मागे नसून पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे मागच्या बाकाची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता येते आणि तिथे उंच वस्तू उभी ठेवता येते. पण मागे दोन बालसीट कायम असतील तर हा गुण आपल्या फारसा कामी येणार नाही.

आईंसाठी एक गोष्ट आवर्जून तपासा. इस्टेट गाड्या खाली बसलेल्या असतात, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून बसण्यापेक्षा उठून बाहेर येणे जास्त जड जाते. पुढच्या प्रवाशाच्या सीटला उंची वाढवण्याची सोय काही मॉडेलमध्ये असते, काहींत नसते. जाहिरातीत हे लिहिलेले नसते, हात घालूनच बघावे लागते.

सह्यकडा

मी वेगळे मत मांडतो. वर्षाला १०,००० मैल आणि त्यातही निम्मा आठवडा गावातच, अशा वापराला डिझेल घ्यावीच असे नाही. टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स ही हायब्रिड इस्टेट आपल्या बजेटमध्ये मिळते. डिकी ५३० लिटर, म्हणजे लहान आहे, पण तिच्यात डीपीएफ नाही, अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर शुद्ध करायला लागणारे द्रावण) नाही, टर्बो नाही, क्लच नाही, आणि झोनची चिंता नाही. शाळेच्या फेऱ्यांसाठी तर ती उत्तमच. मोटारवेवर चढाला इंजिनाचा आवाज वाढतो हे खरे, आणि या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) चोरीला जातात हेही खरे, म्हणून रात्री रस्त्यावर उभी ठेवायची असेल तर त्याला संरक्षक पत्रा बसवून घ्यावा. तरीही माझ्या दृष्टीने वहिनींनी रोज निश्चिंतपणे वापरावी अशी गाडी हीच.

अजिंक्यतारा (लेस्टर)

सर्वांचे मनापासून आभार. शरयूताई, मधल्या जागेचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. काल पत्नीने सध्याच्या गाडीत तसे बसून पाहिले आणि यादीत सुपर्बला तिनेच वर आणले. सह्यकडा, ऑरिसची डिकी दोन मोठ्या बॅगा आणि बाबागाडी एकत्र घेईल असे वाटत नाही, आणि आम्हाला नेमकी तीच गरज आहे. शाळा चालत पंधरा मिनिटांवर आहे, त्यामुळे मोटारमित्रांची अट आम्ही पाळू शकतो. हॅचबॅकही अजून वर्षभर ठेवू.

आता दोन प्रश्न उरतात. ऑटोमॅटिक घ्यावी की मॅन्युअल? आणि गाडी कोणाकडून घ्यावी, व्यापाऱ्याकडून की थेट मालकाकडून? थेट मालकाकडे किंमत हजारभर पौंडांनी कमी दिसते.

मोटारमित्र

गिअरबॉक्सचे उत्तर इंजिनावर अवलंबून आहे. ऑक्टेव्हियाच्या १.६ लिटर डिझेलबरोबर येणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (फोक्सवॅगन समूहाचा दोन क्लचचा गिअरबॉक्स) असतो. वाहतुकीत रांगत रांगत चालवणे त्याला मानवत नाही आणि तो बिघडला तर खर्च मोठा येतो. २.० लिटर, १५० अश्वशक्तीच्या इंजिनाबरोबर ओल्या क्लचचा डीएसजी येतो. तो दणकट आहे, पण त्याचे ऑइल आणि फिल्टर दर ४०,००० मैलांना बदललेच पाहिजेत, आणि बदलल्याची पावती हातात आली पाहिजे. ‘सर्व्हिस झालेली आहे’ असे तोंडी सांगणे म्हणजे पावती नव्हे. म्हणून माझा सल्ला असा की १.६ घेतलीत तर मॅन्युअल घ्या, २.० घेतलीत तर दोन्ही चालतील. पाच माणसे, सामान आणि वेल्सचे चढ पाहता मी २.० लिटरच घेईन.

मॅन्युअल बघताना तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोरात अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतो आहे. क्लच दाबल्यावर आणि सोडल्यावर खडखड बदलत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारे जड चाक) सैल झाले आहे, आणि क्लचबरोबर तेही बदलण्याचा खर्च चारआकडी होऊ शकतो. टायमिंग बेल्ट हा दुसरा मोठा खर्च. कंपनीने दिलेले मैल आणि वर्षे यांतले जे आधी भरेल तेव्हा तो बदलायचा असतो. मैल कमी आहेत म्हणून दहा वर्षे जुना पट्टा तसाच ठेवलेला असतो आणि मालकाला वाटते सगळे ठीक आहे. तो तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि इंजिन जाते. पाण्याचा पंप त्याच वेळी बदलून घेतात. होंडाच्या १.६ डिझेलला पट्ट्याऐवजी चेन आहे, हा सिव्हिकचा मोठा फायदा.

गाडी थंड असतानाच बघायला जा. विक्रेत्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर का, ते विचारा. हीटर दोन्ही बाजूंनी सारखाच गरम येतो का ते पाहा. एका बाजूने थंड हवा आली तर कूलंटच्या वाटेत गाळ अडकला आहे. अ‍ॅडब्लू लागणारी गाडी असेल तर डॅशबोर्डवर त्याचा इशारा नाही ना, ते नीट बघा. हे युरियाचे ३२.५ टक्के द्रावण आहे, भरायला स्वस्त आहे, पण त्याची मोजणी शून्यावर गेली की एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही, आणि टाकीतला पंप किंवा सेन्सर बिघडला तर बरेचदा पूर्ण टाकीच बदलावी लागते. हा इशारा ‘फक्त भरायचे राहिले आहे’ असे सांगून कोणी झटकून टाकत असेल तर आपल्यासमोर भरून दाखवायला सांगा.

हॅरोकर

मी व्यापाऱ्याकडून घेण्याच्या बाजूने आहे, आणि हजार पौंड जास्त देऊनही. कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५ प्रमाणे व्यापाऱ्याने विकलेल्या गाडीत आधीपासूनचा दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत निघालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे मानले जाते, तो नव्हता हे सिद्ध करणे व्यापाऱ्यावर असते, आणि दुरुस्तीची एक संधी मात्र त्याला द्यावी लागते. थेट मालकाकडून घेतलीत तर गाडी वर्णनाप्रमाणे आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो. शक्य असेल तर ठेव म्हणून थोडी रक्कम तरी क्रेडिट कार्डाने भरा. वस्तूची किंमत १०० ते ३०,००० पौंडांच्या दरम्यान असेल तर कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टच्या ७५ व्या कलमाखाली व्यापाऱ्याबरोबर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते, मग कार्डाने भरलेली रक्कम किंमतीच्या मानाने लहान असली तरी.

लॉगबुकवर नाव असणे म्हणजे मालकी असणे नव्हे, ते त्या कागदावरच लिहिलेले असते. गाडीवर कोणाचे कर्ज बाकी असेल तर ती फायनान्स कंपनीची आहे, म्हणून थोडे पैसे खर्चून कर्ज, चोरी आणि अपघात यांची नोंद तपासून घ्या.

सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो. तो मी नेहमी खालून वर, म्हणजे जुन्यापासून नव्याकडे वाचतो. प्रत्येक चाचणीच्या वेळचे मैल त्यात असतात, त्यामुळे गाडी दर वर्षी किती आणि कशी चालली ते उलगडते. मोटारमित्रांनी म्हटलेली ‘शहरातली डिझेल’ इथेच ओळखू येते. त्याखालच्या सूचना वाचा: ‘टायर झिजलेले’, ‘ब्रेकचे पाइप गंजलेले’ अशी एकच सूचना तीन वर्षे लागोपाठ दिसली, तर मालकाने नापास होईपर्यंत काहीच केलेले नाही.

आणि मिडलँड्समध्ये राहता म्हणून एक खास गोष्ट. ऑक्टेव्हिया आणि सुपर्ब या गाड्या टॅक्सीवाल्यांच्या आवडत्या आहेत. खासगी गाडीची पहिली एमओटी तिसऱ्या वर्षी होते, टॅक्सीची पहिल्याच वर्षी. गाडी जेमतेम वर्षाची असतानाच पहिली चाचणी आणि पुढे दर वर्षी २५,००० ते ३०,००० मैल, असे दिसले तर ती भाड्याने चाललेली असण्याचीच शक्यता जास्त. मागच्या बंपरवर परवान्याची पाटी लावल्याचे स्क्रूचे भोक किंवा डिंकाचा चौकोन राहिला आहे का ते बघा, मागच्या दारांचे हँडल आणि उंबरे पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेत का ते बघा. टॅक्सी म्हणून चाललेली गाडी वाईटच असते असे नाही, तिचे मैल बरेचदा सलग आणि गरम इंजिनावरचे असतात. पण तिची किंमत त्या हिशेबाने कमी असायला हवी, आणि ते विक्रेत्याने आपण विचारण्याआधी सांगायला हवे.

शरयू (नॉटिंगहॅम)

दादा, सुपर्ब बघायला जाल तेव्हा आणखी एक करा. मागच्या बाकावर वहिनी बसलेल्या असताना दोन्ही मुलांना आपापल्या दाराने एकट्याने आत चढवून बघा, आणि घरी जिथे गाडी उभी करता ती जागा मोजा. तिसऱ्या पिढीची सुपर्ब इस्टेट जवळजवळ ४.८६ मीटर लांब आहे, आपल्या हॅचबॅकपेक्षा कितीतरी मोठी. लेस्टरमधल्या जुन्या ओळीच्या घरांसमोर रस्त्यावर गाडी लावायची असेल, तर ऑक्टेव्हियाची २० सेंटिमीटर कमी लांबी रोज संध्याकाळी जाणवेल. आणि बहुमजली पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये दार पूर्ण उघडल्याशिवाय मुलाची सीट गाठता येते का, ते एकदा खरोखर तिथे जाऊनच बघा. विक्रेते टेस्ट ड्राइव्हला रिंगरोडवर नेतात. आपण सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये न्या.